अंगण दहा फुटांचं, झाड चाळीस फुटांचं

घरासमोर फुलांचं झाड लावायचं ठरलं की उल्हासनगरात पहिलं नाव निघतं गुलमोहराचं. अलीकडे त्याच्या जोडीला गुलाबी टॅबेबुया आला आहे. कारण विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं. देशी झाडांना असा बहर नसतो, ती वाढायला उभा जन्म घेतात, जंगलात शोभतात पण दारात शोभत नाहीत, आणि कॅम्पातल्या एवढ्याशा जागेत दुसरं येणार तरी काय? हे बोलणं मी कॅम्प नंबर तीनच्या गल्लीत ऐकलं आहे, अंबरनाथच्या सोसायटीत ऐकलं आहे आणि बदलापूरच्या बंगलो प्लॉटवरही ऐकलं आहे. ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत चुकीचं आहे असं माझं मत आहे. त्या चुकीची किंमत झाड लावणारा सहसा मोजत नाही, त्याच्या नंतर त्या घरात राहणारा मोजतो. म्हणून हे उत्तर.

सुरुवात जागेपासून करावी लागेल, कारण गुलमोहराची बाजू घेणारे नेमकं तिथूनच सुरुवात करत नाहीत. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीवर उभं राहिलेलं शहर. फाळणीनंतर जवळपास एक लाख सिंधी निर्वासित इथल्या बॅरेकींमध्ये आले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची पायाभरणी झाली. सैनिकांसाठी बांधलेल्या लांबलचक बॅरेकी आडव्या भिंती घालून खोल्यांमध्ये वाटल्या गेल्या. प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला खोली आणि खोलीपुढचा जमिनीचा पट्टा आला. पुढे त्या पट्ट्यावर ओटा आला, मग पत्रा, मग दुकान, मग मजले. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ५,०६,०९८ होती आणि क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस किलोमीटर. म्हणजे दर चौरस किलोमीटरला चाळीस हजारांच्या आसपास माणसं. अशा गावात ज्याच्या दारापुढे आजही आठ-दहा फूट माती उघडी आहे, त्याच्याकडे फार मोठी गोष्ट शिल्लक आहे. तिथे लावलेलं प्रत्येक झाड विचार करूनच लावलं पाहिजे.

आता त्या आठ-दहा फुटांत गुलमोहर ठेवून पाहा. हे झाड उंचीपेक्षा आडवं जास्त पसरतं. पुरं वाढलं की त्याचा घेर सहज चाळीस फुटांपर्यंत जातो, कधी त्याहून जास्त. म्हणजे तुमचा ओटा, गटार, रस्ता आणि समोरच्याची गॅलरी, सगळं त्याच्याखाली येतं. मुळं खोल जात नाहीत. ती जमिनीच्या वरच्या थरातच दूरवर पसरतात, लाद्या उचलतात आणि गटाराच्या भिंतीला भेगा पाडतात. लाकूड ठिसूळ. गुलमोहर मूळचा मादागास्करच्या कोरड्या, पानगळीच्या जंगलातला. तिथल्या हवेला तो अगदी योग्य आहे. आपल्याकडे चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, जमीन चिखल होते आणि उथळ मुळांची पकड सुटते. त्यात या झाडाचं वेळापत्रक नेमकं उलटं पडतं. मे महिन्याच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला, वळिवाचा आणि पहिल्या पावसाचा वारा सुटतो तेव्हा गुलमोहर पानाफुलांनी सर्वांत जड झालेला असतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा मुंबई-ठाण्यात झाडं आडवी झाली होती. तो गुलमोहराच्या ऐन बहराचाच काळ होता.

यावर लगेच सावलीचा मुद्दा येतो. गुलमोहरासारखी सावली कुणाची, असं विचारतात. मी उलट विचारतो, कोणत्या महिन्यात? उन्हाळ्याची खरी होरपळ सुरू होते ती मार्चमध्ये. तेव्हा गुलमोहराची पानं झडलेली असतात आणि काळ्या, वाळलेल्या शेंगा तेवढ्या लोंबत असतात. पुरती पालवी येईपर्यंत मे उजाडतो. दाट सावली मिळते ती पावसाळ्यात, म्हणजे जेव्हा कॅम्पातल्या घरांना उजेड आणि वारा हवा असतो आणि भिंतींची ओल वाळायला हवी असते.

इथे एक गोष्ट साफ करतो, कारण या वादात ती हमखास अंगावर येते. गुलमोहर परदेशी आहे म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. मिरची, बटाटा आणि पेरू अमेरिकेतून आले. दसऱ्याला दाराला बांधतो तो झेंडू मेक्सिकोचा. देवाला वाहतो तो पांढरा चाफाही तिकडचाच. जे रुजलं, कामी आलं, ते आपलं झालं. साताऱ्यात दर १ मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो, चित्रं काढली जातात, कविता वाचल्या जातात, आणि त्यात मला काहीही वावगं दिसत नाही. रुंद रस्त्याकडेला, मैदानाच्या कडेला, बदलापूरच्या बारवी धरणाकडच्या एखाद्या मोकळ्या शेतघरात, इमारतीपासून चाळीस-पन्नास फूट दूर गुलमोहर जरूर लावावा. माझा आक्षेप तो दारात लावण्याला आहे.

टॅबेबुयाचा विषय मी थोडक्यात संपवतो, कारण त्याच्या बाजूनं मुळात युक्तिवादच नाही, फक्त छायाचित्रं आहेत. दर फेब्रुवारी-मार्चमध्ये विक्रोळीजवळ पूर्व द्रुतगती मार्गावर ही झाडं गुलाबी होतात, मुंबईचा चेरी ब्लॉसम म्हणून त्यांचे फोटो फिरतात आणि पुढच्या पावसाळ्यात लोक नर्सरीत त्याच रोपाची मागणी करतात. जपानच्या चेरीशी या झाडाचं कसलंही नातं नाही. ते मेक्सिको-मध्य अमेरिकेतलं आहे आणि एल साल्वाडोरचं राष्ट्रीय झाड आहे. मोकळ्या जागेत ते वीस मीटरच्या वर जातं. महामार्गावर ते सुंदर दिसतं कारण तिथे महामार्गाएवढी रुंदी आहे आणि एका रांगेत शंभर झाडं आहेत. तुमच्या दारात एकच असणार, तेही शेजारच्या चार मजली इमारतीच्या आड. बहर असतो थोडे दिवस. उरलेलं वर्ष तुमच्या हाती एक उंच, साधं झाड राहतं. फोटोतलं दृश्य रोपाबरोबर पिशवीत मिळत नाही.

आता मुख्य मुद्दा. देशी झाडांना बहर नसतो, असं म्हणणाऱ्यांनी एप्रिल-मेमध्ये तामण पाहिलेलं नसतं, किंवा पाहिलं असूनही त्याचं नाव कुणी सांगितलेलं नसतं. तामण हे महाराष्ट्राचं राज्यफूल आहे. कुणी त्याला जारूळ म्हणतं, कुणी मोठा बोंडारा. फांदीच्या शेंड्याला हातभर लांबीचा तुरा येतो. तो खालून वर उमलत जातो. एकेका फुलाला साधारण सहा पाकळ्या, कडा चुरगळलेल्या, मऊ, आणि मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. ताजं फूल गडद जांभळं असतं, मग दिवसागणिक फिकट होत गुलाबी-पांढरट होतं. त्यामुळे एकाच तुऱ्यावर जांभळ्याच्या चार छटा एका वेळी दिसतात. बहर एप्रिलपासून जूनपर्यंत चालतो आणि कधी कधी पावसाळ्यातही पुन्हा थोडी फुलं येतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस डच अधिकारी व्हान ऱ्हीड यानं मलबारच्या वनस्पतींवर हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ काढला, त्यात हे झाड चित्रासह आलं आहे. दूरदेशाहून आलेल्या माणसाला साडेतीनशे वर्षांपूर्वी जे ठळकपणे दिसलं, ते आपल्या नर्सरीच्या पहिल्या रांगेत आजही नसतं, याचं मला खरोखर दुःख होतं.

पण मी तामणाची बाजू फुलासाठी घेत नाही. त्याच्या बांध्यासाठी घेतो. तामण आधी वर जातं आणि मग गोलसर होतं. छत्रीसारखं आडवं पसरत नाही. लाकूड मजबूत आहे. ईशान्य भारतात आणि म्यानमारात त्याची गणना सागाच्या खालोखाल होते, त्यापासून होड्या आणि गाड्या बनत आल्या आहेत. ज्या लाकडाची होडी होते त्याची फांदी जूनच्या पहिल्या वाऱ्यात सहजासहजी तुटून पत्र्यावर पडत नाही. हे झाड मुळात कोकणातल्या ओढ्या-नद्यांच्या काठचं. पाणी काही दिवस साचून राहिलं तरी ते टिकतं. उल्हासनगर-बदलापूरच्या माणसाला हा गुण समजावून सांगावा लागू नये. २६ जुलै २००५ चा महापूर आपल्याला आठवतो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तेही आठवतं. अंबरनाथहून येणारी वालधुनी उल्हासनगरच्या मधून जाते आणि मोठ्या पावसात सखल गल्ल्यांत शिरते. ज्या अंगणात वर्षातून एकदा तरी गुडघाभर पाणी उभं राहतं, त्या अंगणासाठी ओढ्याकाठचं झाड निवडणं हा साधा व्यवहार आहे.

इथे कुणी बहाव्याचं नाव घेईल आणि मला ते आनंदानं मान्य आहे, एका अटीवर. बहावा हे माझ्या मते या मातीतलं सर्वांत देखणं झाड आहे, पिवळ्या झुंबरांनी लगडलेलं. केरळचं ते राज्यफूल आहे आणि थायलंडचं राष्ट्रीय फूल. झाड मध्यम उंचीचं, आटोपशीर. पानांवर पिवळट-पांढऱ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात, फुलांवर मोठे काळे भुंगे येतात. पण त्याला पाण्याचा निचरा लागतो. उंच ओट्याच्या, मुरमाड जागेत बहावा लावा. पाणी तुंबणाऱ्या गल्लीत लावला तर तो कुजेल, आणि मग त्याचा दोष देशी झाडांवर ढकलला जाईल.

वाढीचा मुद्दा उरतो. गुलमोहर झटपट वाढतो, हे खरं आहे. पण झटपट वाढलेलं लाकूडच ठिसूळ असतं, तो वेग आणि ती कमजोरी एकाच कारणातून येतात. शिवाय वाढला म्हणजे फुलला असं नाही. बियांपासून केलेला गुलमोहर फुलायलाही काही वर्षं घेतोच, आणि तोवर तो तुमच्या पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचलेला असतो. तामण त्या मानानं सावकाश वाढतं, पण लहान वयातही फुलतं. माणसाच्या डोक्याहून थोड्याच उंच झाडावर तुरे आलेले मी पाहिले आहेत. फुलं हवी म्हणून झाड लावणाऱ्याला याहून जास्त काय हवं?

आता विरोधकांचा एक मुद्दा असा आहे, ज्याला मी खरोखर वजन देतो. ते म्हणतात, कॅम्पात ऊनच कुठे उरलंय? दोन्ही बाजूंनी मजले चढलेल्या गल्लीत दुपारचे जेमतेम दोन तास ऊन पडतं, तिथे तुमचं तामण काय फुलणार? बरोबर आहे, नाही फुलणार. तामणाला भरपूर ऊन लागतं. पण मग गुलमोहरही फुलणार नाही. तो उन्हाच्या शोधात एका बाजूला झुकत लांबट वाढेल, आणि झुकलेला गुलमोहर हा सर्वांत धोकादायक गुलमोहर. सावलीच्या गल्लीला उत्तर आहे सीता अशोक. हे सदाहरित झाड, मूळचं जंगलातल्या दाट झाडोऱ्याखालचं, त्यामुळे त्याला सावली आणि ओलावा आवडतो. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये केशरी फुलांचे गुच्छ येतात, पुढे ते लालसर होत जातात. आणि हे गुच्छ जुन्या फांद्यांवर, थेट खोडावरसुद्धा फुटतात. म्हणजे फुलं पाहायला मान वर करावी लागत नाही, दारातून बाहेर पडताना ती डोळ्यांसमोर असतात. अरुंद गल्लीसाठी याहून योग्य शोभेचं झाड मला माहीत नाही. वाढ संथ आहे, ते मी लपवत नाही. निसर्गात हे झाड आज दुर्मीळ होत चाललं आहे, धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत त्याची नोंद आहे.

मात्र नर्सरीत अशोक मागितला की हाती दिला जातो तो भलताच. अंबरनाथ-बदलापूरच्या जवळजवळ प्रत्येक नव्या सोसायटीच्या कुंपणाला ती सरळसोट, खाली वळलेल्या पानांची हिरवी रांग दिसते. त्याला लोक अशोक म्हणतात. त्याचा सीता अशोकाशी संबंध नाही, त्याची फुलं हिरवट असतात आणि जवळ जाऊन पाहिल्याशिवाय दिसतही नाहीत. रोप घेताना सीता अशोक असं पूर्ण नाव सांगा आणि पान पाहून घ्या. सीता अशोकाचं पान संयुक्त असतं, एका दांड्यावर पर्णिकांच्या जोड्या, आणि कोवळी पालवी तांबूस, लोंबणारी. त्या दुसऱ्याचं पान सुटं, लांबट, नागमोडी काठाचं.

आणि ज्याच्याकडे पाच-सहा फूटच आहेत पण ऊन आहे, त्यानं कांचन लावावा. लहानखुरं झाड, दोन पाळ्यांचं पान, थंडीत किंवा थंडी संपताना फुलणारं. यावर जास्त लिहायची गरज नाही, तो कुठेही मिळतो आणि स्वतःची बाजू स्वतः मांडतो.

दुसऱ्या टोकालाही उत्तर दिलं पाहिजे. देशी म्हणजे चांगलं, एवढंच धरून चालणारे काही जण दारात वड-पिंपळ लावतात. बॅरेकीच्या भिंतीला चार फुटांवर पिंपळ लावणं ही गुलमोहराहूनही मोठी चूक आहे. सप्तपर्णीचं उदाहरण तर ताजं आहे. देशी म्हणून पुण्यात, मुंबईत, ठाण्यात तो रस्तोरस्ती लावला गेला. आता ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रात्री त्याच्या उग्र वासानं लोक हैराण होतात आणि तक्रारी करतात. एका जंगलात एक सप्तपर्णी असतो तेव्हा तो वास सुगंध असतो. खिडकीखाली सहा लावले तर नसतो. देशी असणं ही पात्रतेची सुरुवात आहे, तेवढ्यावर निवड होत नाही.

झाड चुकलं तर काढू, असं सहज म्हणणाऱ्यांना कायद्याची आठवण करून द्यायला हवी. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ पासून लागू आहे. त्यानुसार स्वतःच्या अंगणातलं, स्वतः लावलेलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. हा कायदा मला योग्यच वाटतो. पण म्हणूनच रोप लावायच्या दिवशी घेतलेला निर्णय पन्नास वर्षांचा असतो. अर्ज, पाहणी, हरकती, मग पावसाळ्याच्या तोंडावर फांद्यांची बेसुमार छाटणी आणि छाटणीमुळे एका अंगानं जड झालेलं झाड, हे चक्र चुकीच्या निवडीनंच सुरू होतं. तामणाचीही छाटणी करावी लागते, पण ती बहर ओसरल्यावर. एप्रिलच्या तोंडावर शेंडे कापले तर त्या वर्षीची फुलं गेली, कारण तुरे शेंड्यालाच येतात.

सगळ्यात जास्त राग मला ज्या गोष्टीचा येतो ती झाडाच्या जातीशी संबंधित नाही. रोप लावून वर्ष होत नाही तोच खोडाला भिडवून पेव्हर ब्लॉक बसवतात किंवा सिमेंट ओततात. गल्ली स्वच्छ दिसावी म्हणून. मुळांना पाणी नाही, हवा नाही, खोड जाड व्हायला जागा नाही. मग झाड वाळलं की म्हणतात, बघा, देशी झाडं आपल्याकडे जगत नाहीत. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढण्याचा आदेश दिला होता. तेच एक मीटर कॅम्प तीनमध्येही सोडलं पाहिजे, लवादानं सांगण्याची वाट न पाहता. ज्याला ते सोडायचं नाही त्यानं झाड लावू नये, कुंडीत मोगरा लावावा. मोगऱ्याला मी कमी लेखत नाही.

दर जुलैत वनमहोत्सवाच्या निमित्तानं मंडळं, संस्था आणि पुढारी रोपं वाटतात. माणसं रांगेत उभी राहून हाती येईल ते घेतात आणि घरी जाऊन मिळेल त्या भोकात लावतात. वाटणाऱ्यांकडे माझी मागणी सरळ आहे. रोप देण्याआधी घेणाऱ्याला तीन प्रश्न विचारा: दारापुढे किती फूट जागा आहे, ऊन किती तास पडतं, पावसात पाणी तुंबतं का? जागा आणि ऊन असेल तर तामण द्या, जागा कोरडी असेल तर बहावा, गल्ली अंधारी असेल तर सीता अशोक. आणि रोपाबरोबर एक माणूस पहार घेऊन पाठवा, आळ्यापुरत्या लाद्या उखडून देण्यासाठी.